सोपाऱ्याची यात्रा



आपण इथून भारतात गेलो की आपली यात्रा ठरलेली असते. नवगावच्या स्मारकापाशी उभं राहायचं, खंडाळ्याला एलियाहू हन्नबींच्या रथाची खूण बघायची, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये मेणबत्ती लावायची, जमलं तर वाडवडिलांच्या कबरी साफ करून घ्यायच्या. उरलेले दिवस खरेदीत जातात. मीही तीन वेळा हेच केलं.

या खेपेला बरोबर नातू होता, नुकतीच बार मित्झ्वा झालेला. त्याला घेऊन मी एक जागा वाढवली. त्या जागेत आपलं सिनेगॉग नाही की कबरस्तान नाही. ती बौद्ध लोकांची फार जुनी यात्रेची जागा, नालासोपाऱ्याचा स्तूप.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. दादरहून विरार गाडी धरली. विरार गाडीत चढणं म्हणजे काय, हे ज्यांनी मुंबईत नोकरी केली त्यांना मी सांगायला नको. रविवार होता म्हणून आम्ही धड उतरलो तरी. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, बौद्ध स्तूपाला जायचंय." तो म्हणाला, "चला काका, बसा."

रिक्षात नातवाने विचारलं, "सबा, ही तर दुसऱ्यांची देवाची जागा. आपल्याला चालतं का?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "आपण पाया पडायचं नाही, नवस बोलायचा नाही. बघायचं आणि समजून घ्यायचं."

"मग त्यासाठी इतक्या लांब कशाला?"

"तिथे गेल्यावर सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे माझ्याकडेही तेव्हा पुरतं उत्तर नव्हतं.

आज नालासोपारा म्हणजे इमारतींची आणि माणसांची गर्दी. पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. सोपारा, शूर्पारक, सोपारक अशी त्याची नावं. महाभारतात शूर्पारकाचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, त्यातही सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही नावं आहेत. गलबतातून माल उतरायचा, तो कल्याणमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. पुढे खाडी गाळाने भरत गेली, आणि बंदराचं गाव झालं.

बालमित्रांनो, तुम्ही तनाखात ओफीरचं नाव वाचलं असेल. शलोमो राजाने आपल्या एलातजवळच्या एत्झिओन गेव्हेर इथे गलबतं बांधली. त्यांवर त्याच्या माणसांबरोबर हिराम राजाचे दर्यावर्दी खलाशी होते. ती गलबतं ओफीरला जाऊन सोनं, रत्नं आणि अलमुग नावाचं लाकूड घेऊन आली. तनाखाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचं नाव 'सोफीर' असं येतं. त्यावरून काही विद्वानांनी म्हटलं की ओफीर म्हणजे हेच सोपारा, आणि अलमुग म्हणजे चंदन. दुसरे विद्वान ओफीर अरबस्तानात किंवा आफ्रिकेत असल्याचं सांगतात. हा वाद मिटलेला नाही, तेव्हा हे खरंच आहे असं शाळेत छातीठोकपणे सांगू नका. पण नावाच्या या साम्यामुळेच मला या गावाची ओढ लागली, हे कबूल करतो.

बौद्ध लोकांना सोपारा प्रिय आहे तो पूर्णामुळे. पाली भाषेत त्याला पुण्ण म्हणतात. हा या भागातला व्यापारी. व्यापारासाठी उत्तरेत श्रावस्तीला गेला असता त्याने बुद्धाचा उपदेश ऐकला आणि सगळं सोडून भिक्खू झाला. काही काळाने त्याला आपल्या मुलखात परतून शिकवण सांगायची इच्छा झाली. बुद्धाने विचारलं, तुझ्याकडची माणसं फार तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, हाताने मारलं नाही, म्हणजे माणसं भलीच म्हणायची. आणि हाताने मारलं तर? दगड मारले नाहीत, म्हणजे भलीच. असं करत करत प्रश्न काठीवर, मग शस्त्रावर, शेवटी जिवावर आला, तरी पूर्ण चिडला नाही. तेव्हा बुद्धाने सांगितलं, तू आता जायला योग्य झालास.

पुढे त्याने सोपाऱ्यात बुद्धासाठी चंदनाचा मोठा महाल बांधला, आणि बुद्ध स्वतः तिथे आले, असं जुनी बौद्ध कथा सांगते. ती कथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यामुळे शेकडो वर्षं माणसं इथे येत राहिली, हा मात्र इतिहास आहे.

रिक्षा थांबली. भोवती वस्ती, मध्ये कुंपण, आणि आत विटांचा एक बसका, गोलसर उंचवटा. नातवाचा चेहरा पडला. त्याने सांची फोटोत पाहिली होती, त्याला वाटलं तसंच काहीतरी असेल. "एवढंच?" असं त्याने विचारलं. मी त्याला झाडाच्या सावलीत बसवलं आणि या ढिगाची गोष्ट सांगितली.

गावातले लोक पूर्वी या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे. खाली काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. भिक्खू कधीच निघून गेले होते आणि जागेचं खरं नावही लोक विसरले होते. पण एवढं मोठं टेकाड आहे म्हणजे कोणीतरी राजा असणारच, म्हणून लोकांनी आपल्या परीने एक राजा शोधून काढला.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले. हे मूळचे जुनागढचे. तिथे गिरनारच्या वाटेवर सम्राट अशोकाचा मोठा शिलालेख आहे. त्याची अक्षरं ओळखायचा नाद त्यांना लहानपणीच लागला. पुढे मुंबईला येऊन डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि जुनी लिपी वाचण्यात मोठं नाव मिळवलं. त्यांनी हे टेकाड मधोमध खणलं. आत विटांची एक चौकोनी पोकळी लागली आणि तिच्यात एक मोठी गोल दगडी पेटी.

पेटीत मधोमध तांब्याचा करंडक होता. त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान मूर्ती गोल बसवलेल्या होत्या, सात आजवर होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी पुढे येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक. सोन्याची नाजूक फुलंही होती. आणि सगळ्यांत आतल्या त्या सोन्याच्या करंडकात काय असेल?

नातू म्हणाला, "हिरा."

मातीच्या भांड्याचे तुकडे होते. नखाएवढे. भगवानलालांच्या मते ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, म्हणूनच त्यांना एवढं जपलेलं.

पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. ब्राँझच्या मूर्ती मात्र त्याहून पाच-सहाशे वर्षांनी नंतरच्या आहेत. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी पेटी आदराने उघडली, आपल्याकडचं त्यात ठेवलं आणि पुन्हा नीट बंद केली. एवढी शतकं हे ठिकाण जागतं होतं.

त्याच साली सोपाऱ्यात एक दगडाचा तुकडा मिळाला, ब्राह्मी अक्षरांचा. भगवानलालांनी तो वाचला तेव्हा कळलं की हा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आम्ही शुक्रवारी सकाळी तिथे जाऊन आलो होतो.

आठव्या लेखाचा सोपाऱ्यातला तुकडा छोटा आहे, पण तोच लेख गिरनारला पूर्ण वाचता येतो, त्यामुळे मजकूर कळतो. अशोक त्यात यात्रेबद्दलच बोलतो. पूर्वीचे राजे मौजेच्या सहली करत, त्यात शिकार आणि करमणूक असे. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बुद्धाला जिथे ज्ञान झालं त्या जागेची, म्हणजे बोधगयेची, यात्रा केली. तेव्हापासून त्याने मौजेच्या सहली सोडून धम्माच्या यात्रा सुरू केल्या. या यात्रेत काय करायचं, हेही त्याने सांगून ठेवलंय: ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्ध माणसांना भेटून त्यांना सोनं द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं. यात जास्त आनंद आहे, असं राजा म्हणतो.

हे लेख इसवी सनापूर्वी २५७ च्या सुमाराचे. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले ते इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास. हा हिशेब धरला तर गलबत फुटून ती सात जोडपी वाचली, तेव्हा सोपाऱ्याचा हा शिलालेख ऐंशीएक वर्षांचा होता, म्हणजे एखाद्या आजोबांच्या वयाचा. ज्या कोकणाने आपल्याला ठेवून घेतलं, त्या कोकणात अशी अक्षरं दगडावर कोरलेली होती. नातवाला मी म्हटलं, "आता कळलं का, इतक्या लांब कशाला?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, "आपल्यालाही लोक दुसऱ्याच नावाने ओळखायचे ना?"

हे त्याने आपलं आपणच जोडलं. आपण कोकणात तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. नाव खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मग डेव्हिड रहाबी आले. त्यांनी आपल्या बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले, आणि खवले नि पर नसलेले मासे बायकांनी बाजूला काढले. त्यावरून त्यांनी ओळखलं, अशी आपली गोष्ट आहे. शेमा येत होतं, शब्बाथ पाळला जात होता, सुंता होत होती. आत पेटी शाबूत होती, वरचं नाव तेवढं बदललं होतं. इस्रायलला आल्यावरही आपण कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९६४ साली क्नेसेटने आपण पूर्ण यहुदी आहोत असं जाहीर केलं, तोवर आपल्या लोकांना धरणं धरून बसावं लागलं. माझ्या वयाच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. टेकाडाखाली काय आहे, हे दुसऱ्याला पटवून द्यावं लागणं फार जड असतं.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतलं एक कुटुंब आलं. अकोल्याकडची माणसं. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करायला आली होती, आणि मुंबईत आलोच आहोत तर सोपाराही करू म्हणून इथे पोचली होती. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, हात जोडले. आम्ही बाजूला उभे राहिलो. आजींनी विचारलं, "कुठून आलात, दादा?" इस्रायल म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. "मराठी तर आमच्यासारखीच बोलता!" त्यांनी नातवाच्या हातावर एक केळं ठेवलं. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोक त्यांच्याबरोबर बौद्ध झाले. त्यानंतर अशा जुन्या जागांना पुन्हा यात्रेकरू मिळाले. बुद्ध पौर्णिमेला इथे मोठी गर्दी होते. ज्या ठिकाणाला टोपल्या विणणाऱ्या राजाचा कोट म्हणत, तिथे आज माणसं खऱ्या नावाने येतात.

दगडी पेटी आणि करंडक आता इथे नाहीत. ते मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

निघताना नातवाने विचारलं, "फोनवरची आजी इथून लांब राहते का?"

फोनवरची आजी म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. आपल्या घरातली जी माणसं भारतातच राहिली, त्यांतली ती. वय अठ्ठ्याऐंशी, ठाण्याला एकटी राहते. गेल्या तिन्ही खेपांना मी तिला हॉटेलातून फोन केला होता. वेळ नाही मावशी, पुढच्या वेळी नक्की येतो. या खेपेलाही फोनच करणार होतो. नातू मला टोमणा मारत नव्हता, त्याने सहज विचारलं. पण शुक्रवारी त्याला मीच सांगितलं होतं, की यात्रेत वृद्धांना भेटायचं असं राजाने दगडावर लिहून ठेवलंय.

आम्ही टॅक्सी केली आणि घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेलो.

मावशीने दार उघडलं. ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "किती वर्षांनी आलास रे! आई गेली तेव्हाही आला नाहीस." मी काही बोललो नाही. तिने नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. चहा झाला, बिस्किटं झाली. कुठे जाऊन आलात, असं तिने विचारलं, तेव्हा नातवाने आपल्या मोडक्या मराठीत सोपारा, पेटी, मातीचे तुकडे सगळं सांगितलं.

मावशी हसायला लागली. "अरे, आमच्याकडे पण होतं की तसलं!" तिचं माहेर रायगडात, तळ्याच्या बाजूला. लहानपणी बैलगाडीत बसून ती मंडळी कुड्याची लेणी पाहायला जायची. "लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असं आम्हाला सांगायचे."

पुन्हा तेच. कुड्याला डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांवरचे लेख विद्वानांनी वाचले आहेत, आणि त्यात एकही पांडव नाही. फुलांचे हार करणारा माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, सोमदेव नावाचा वैद्य आहे. पदुमनिका नावाची भिक्खुणी आहे, तिने आपल्या शिष्यिणींबरोबर लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली. दानावर आपलं नाव घालायचं, आईबापाचं, मुलांचं, गावाचं नाव घालायचं, अशी तेव्हाची रीत. नाणेघाटात पाण्याच्या टाक्यावर दान देणाऱ्याचं नाव आहे, 'सोपारयक गोविंददास'. आजच्या भाषेत सोपारकर गोविंददास. आपण पेणकर, रोहेकर, चेऊलकर लावतो, तसंच.

"म्हणजे आपल्या शेजारचीच माणसं होती ती," मावशी म्हणाली.

मग तिने न विचारता आपल्या शेजाऱ्यांची, आजोबांच्या घाण्याची, शुक्रवारी दुपारी धुऊन ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यांची आठवण काढली. तिच्या पणजीचं नाव मला माहीत नव्हतं. आजवर मी कधी विचारलंच नव्हतं. नातवाने खिशातून वही काढली आणि मावशी सांगेल ती नावं हिब्रू अक्षरांत लिहून घेतली. चौदा नावं झाली. त्यातल्या तिघांच्या कबरी कुठे आहेत, हे आता फक्त तिलाच ठाऊक आहे. तेही त्याने लिहून घेतलं.

निघताना मी तिच्या हातात पाकीट ठेवायला गेलो, तर तिने ते परत माझ्या खिशात घातलं. म्हणाली, "पैसे नकोत. बस अजून जरा वेळ."

आम्ही बसलो. रात्री साडेनऊला उठलो.

वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा वेळ असेल तर सोपारा जरूर बघा. नालासोपारा स्टेशनवरून रिक्षा मिळते, सकाळी लवकर गेलात तर ऊन लागत नाही. कुडा, कार्ले, कान्हेरीही बघा. पण आधी आपल्या घरातलं जे म्हातारं माणूस मागे राहिलंय, त्याच्याकडे जाऊन या. आणि मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांना, सबा-सावतांना त्यांच्या आजीचं नाव आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे कोणी खणायला येईल तेव्हा आत काहीतरी सापडलं पाहिजे.

शालोम.